विहिरीतल्या खोकडाचं मूळ गाव

नांदगावकडे कुसाबाईंच्या कोरड्या विहिरीत एक जनावर पडलं आणि ते बाहेर काढण्यापूर्वी त्याचं वर्गीकरण होणं प्रशासकीयदृष्ट्या आवश्यक ठरलं. नाशिकहून वर्गीकरण अधिकारी आल्हादराव आले. इंदिरानगरात राहणारा, शिकलेला, मऊ काळजाचा माणूस. विहिरीत डोकावताच “अरेरे, बिचारं!” म्हणाले.

“साहेब, दोर बांधून बाज सोडते. चढंल त्यावर, घेऊ वढून,” कुसाबाई म्हणाल्या.

“थांबा मावशी. कोल्ह्याला एक नियम, खोकडाला दुसरा.”

अंग लहान, शेपूट झुबकेदार. खोकडच निघालं. साहेबांनी मोबाइलवर शास्त्रीय नाव काढलं: व्हल्पिस बेंगालेन्सिस. झालं! साहेबांचा चेहराच उतरला.

“मावशी, हे बंगालचं आहे हो.”

“आवं, माझ्या बांधावर जन्मलंय ते! त्याची आय बी हितलीच हाय!”

“जन्माचं काय घेऊन बसलात? मूळ गाव बघावं लागतं.”

वरिष्ठांनाही ते पटलं. परराज्यातलं जनावर परस्पर मोकळं सोडलं, तर उद्या स्थानिक कोल्ह्यांना काय तोंड दाखवायचं? रहिवासाच्या पडताळणीसाठी बंगालला पत्र गेलं. उत्तर येईपर्यंत विहिरीभोवती फीत बांधून पहारेकरी बसवला.

“निदान पाण्याची बादली तरी सोडू द्या. लय तळमळतंय वो!”

“पाणी दिलं की पुनर्वसन केल्यासारखं होतं, मावशी. मला काय वाईट वाटत नाही का?”

वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. जेवण जाईना त्यांना.

बंगालचं उत्तर आलं: सदर प्राणी तुमच्याकडे जन्मला असल्यास तुमचाच समजावा. तोवर विहिरीतली हालचाल थांबली होती. मेलेल्याला मूळ गाव लागत नसल्यामुळे बाज सोडायला मात्र ताबडतोब परवानगी मिळाली.

“आता घाला त्या बाजेवर तुमचं पत्र,” म्हणून कुसाबाई पाठ फिरवून घरात गेल्या.

आल्हादराव डोळे पुसतच इंदिरानगरला परतले. शेजारच्या फ्लॅटमध्ये नवं कुटुंब सामान लावत होतं. त्यांच्यातली बाई रिकामी बाटली घेऊन दारात आली. “काका, नळाला पाणी नाहीये. थोडं मिळेल का?”

“अहो, मिळेल की! या ना. आडनाव काय तुमचं? मूळचे कुठले?”

हसलात ना आल्हादरावांना? हसा. त्यांचं आडनाव या गोष्टीत कुठंच सांगितलेलं नाही. मग पहिल्या परिच्छेदापासून तुम्ही अंदाज कसला बांधताय?