मथुराबाईंनीं परदरबारीं उमेदवारी केली तें वर्तमान

श्री. ज्याचे कृपेनें मुक्यास वाचा फुटते आणि बोलक्यास गप्प बसण्याची बुद्धि होते, त्यास नमन करोन लिहितों ऐसीजे. शके सोळाशें एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरीं आमचे राज्यांत थोर विद्यापीठ होतें. तेथें पहिली पदवी पावलेल्या हुशार मंडळीस आणखी दोन वर्षें परराज्यांशीं संबंधाची विद्या शिकवीत, म्हणजे तह कैसा करावा, कैसा टिकवावा, शेजारियाचें मन कैसें ओळखावें. आणि दुसरे वर्षीं सहा महिने उमेदवारी, म्हणजे खरे कचेरींत बसोन काम शिकणें, ऐसा नेम होता. त्या विद्येंत मथुराबाई बेलकुंडीकर सर्वांत पुढें होत्या. शेजारचे राज्याचे वकील, म्हणजे त्या दरबाराचे आमचेकडील प्रतिनिधि, हैबतराव आमचे राजधानींत हवेली करोन राहत, त्यांचेकडे आश्विनांत बाईंची नेमणूक जाहली. शेजारियानें आमचें माणूस घरांत घेतलें कैसें, याचा सर्वांस अचंबा वाटला. निघतेसमयीं गुरु भास्करशास्त्री यांणीं बाईंस एकांतीं बोलावोन आज्ञा केली कीं, हवेलींत काय पाहिलें तें दर सोमवारीं आम्हांस लिहावें, त्यावर गुण मिळतील. बाईंनीं मान डोलविली, परंतु अभ्यासाची गोष्ट एकांतीं कां सांगितली, हें मनांत राहिलें.

मग हवेलींत जाऊन पाहतात तों कपाटांस कुलुपें, बाई दालनांत आल्या कीं बोलणीं थांबावीं, आणि जुनीं पत्रें नकलण्यापलीकडे काम नाहीं. एक दाऊदमियां मुनशी, साठीचे गृहस्थ, वकिलांचा पत्रव्यवहार सांभाळीत, ते मात्र जवळ बसोन पत्रांचे मायने शिकवीत आणि घरची खीर पुढें करीत. बाईंस त्या खिरीचाही संशय येई कीं, हा मनुष्य इतका गोड कां. आणि मुनशीही जातां येतां बाईंच्या कागदांवर नजर टाकीत. ऐसे पांच महिने गेले.

त्या दिवसांत नदीचे पाण्याचें बोलणें चाललें होतें. नदी शेजारियाचे मुलखांत उगम पावते आणि बंधाराही त्यांचाच. आमचा दरबार म्हणे, उन्हाळ्यांत बंधाऱ्याचे चार दरवाजे उघडावे, आणि हैबतराव दोनांवर अडोन बसले. फाल्गुनांत एके सकाळीं बाई पाहतात तों अंगणांत पेट्यांस दोर बांधिताहेत, घोड्यांस नाल ठोकिताहेत, आणि विचारलें तर कोणी सांगेना. बाईंनीं तें सोमवारचे पत्रांत लिहिलें कीं, वकील बोलणें मोडोन निघणार ऐसें दिसतें. शास्त्रीबोवांनीं पत्र त्याच दिवशीं मुख्य कारभारी रंगोपंत यांजकडे पोंचविलें, आणि रंगोपंत धास्तावले कीं, वकील गेले तर एकही दरवाजा उघडणार नाहीं. बुधवारीं हवेलींत निरोप आला, दरबार दोन दरवाजांस राजी, उद्यां शिक्का करावा. त्या दिवशीं कारकून मंडळी बाईंदेखत प्रथमच हंसलीं. बाईंचे मनांत आलें कीं, आपलें पत्र गेलें आणि दरबार नमला, हें काय. मग अंगणांत गेल्या आणि एक पेटी उचलोन पाहिली, ती एका हातानें उचलली. दुसरी उचलली, तीही तैसीच. आंत कांहीं नव्हतें. वळोन पाहतात तों मागें मुनशी उभे.

बाईंनीं विचारलें, "मियांसाहेब, माझीं पत्रें आपण वाचीत होतां?"

मुनशी म्हणाले, "बाई, आपलीं पत्रें सारेच वाचीत होते. आपल्याला तेवढें ठाऊक नव्हतें."

इतकें बोलोन ते आंत गेले, आणि देवडीवर बाईंस कोणी अडविलें नाहीं. त्या तशाच शास्त्रीबोवांकडे गेल्या आणि सर्व सांगितलें कीं, पेट्या रिकाम्या, वकिलांचें निघणें केवळ सोंग. बोवांनीं विचारलें कीं, पेट्या उचलतेवेळीं जवळ कोण होतें. मुनशी होते, हें ऐकतांच त्यांचा चेहरा फिरला. बोलणें मोडल्याचा दोष आमचे दरबारावर यावा, म्हणोन हैबतरावांनींच बाईंस हे शब्द शिकवोन धाडिलें, ऐसें त्यांचे मनानें घेतलें. तरी बोवांनीं बाईंस रंगोपंतांपुढें नेलें. रंगोपंतांनीं, पांच महिने कोणाचें अन्न खाल्लें, हें विचारलें, मग गांव विचारिलें. बेलकुंडी नदीचे कांठीं, हें कळतांच म्हणाले, "म्हणजे चार दरवाजे तुम्हांसच पाहिजेत."

बाई म्हणाल्या, "पाहिजेत. पण मला पाहिजेत म्हणोन पेट्या रिकाम्या होत नाहींत. एक माणूस धाडा आणि एक पेटी उचलून पाहा."

रंगोपंत म्हणाले, वकिलाचे घरीं झडती घेतली तर तहच मोडेल. आणि गुरुवारीं दोन दरवाजांवर शिक्का जाहला.

पुढें वैशाखांत नदी आटली, बेलकुंडीच्या बाया वाळूंत खड्डे खणोन वाटीवाटीनें पाणी भरूं लागल्या. त्याच महिन्यांत परीक्षा आली. बाईंनीं आपले प्रबंधांत सोमवारचें पत्र घातलें आणि बुधवारची हकीकतही घातली. परीक्षकांनीं पत्राची वाखाणणी केली आणि हकीकत केवळ तर्क म्हणोन काढावी ऐसें सांगितलें. बाईंनीं काढली नाहीं, तेव्हां पदवी अडकली, आणि बाई गांवीं आईजवळ जाऊन राहिल्या.

वर्ष लोटलें. हैबतराव कामावरोन उतरले आणि आपले मुलखांत एका मेजवानींत रिकाम्या पेट्यांची गोष्ट मोठ्या अभिमानें सांगते जाहले, ती फिरत फिरत आमचे राजधानीस आली. मग शास्त्रीबोवा स्वतः पदवीचा कागद घेऊन बेलकुंडीस आले. ओटीवर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "मीं तुमच्या अभ्यासाचें हेरपत्र केलें, आणि खरें सांगायास आलां तेव्हां तुम्हांसच हेर मानिलें." आणि दरबारीं नेमणूक तयार आहे, चलावें, ऐसें विनविलें.

बाईंनीं विचारलें, "मी लिहीन तें कोण कोण वाचणार, हें अगोदर सांगाल?"

बोवा खालीं पाहोन म्हणाले, "तें मलाही सांगतां येणार नाहीं."

बाईंनीं पदवी घेतली, नेमणूक घेतली नाहीं.

सारांश इतकाच कीं, दोन दरबारांनीं एका मुलीवर संशय धरिला, आणि तिघांत खरें तीच बोलत होती. दरवाजे अद्याप दोनच उघडतात. जैसें कळलें तैसें लिहिलें.