चौऱ्याण्णव टक्क्यांवर अडलेलं निरोपाचं गाणं

अन्न, वस्त्र आणि निवारा या तिन्ही गोष्टी मिळाल्यावर माणूस ज्या चौथ्या गोष्टीसाठी शेजाऱ्याशी भांडतो, तिला वेग म्हणतात. आमच्या संस्थेत पहिल्या तिन्ही गोष्टी मुबलक होत्या. त्यामुळे चौथीचा प्रश्न गंभीर होणं क्रमप्राप्तच होतं.

संस्थेचं नाव 'ओम्ब्रो', म्हणजे खांदा. मोंतेविदेओ शहराच्या रेदुक्तो भागात वीस घरांची ही परस्पर साहाय्य सहकारी गृहसंस्था आम्ही सभासदांनी स्वतःच्या हातांनी बांधली. प्रत्येक कुटुंबाने आठवड्याचे ठरलेले तास विटा वाहायच्या, सिमेंट कालवायचं. कोणतं घर कोणाला, ते सगळं बांधून झाल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरायचं. त्यामुळे सगळ्यांनी सगळ्यांच्या भिंती ओळंब्यात बांधल्या. (आपल्याला कोणतं घर येणार हे आधीच कळलं असतं, तर उरलेल्या एकोणीस घरांचं काय झालं असतं, यावर चर्चा करायची नाही असा आमचा ठराव आहे.) फाटकावर अजून पाटी आहे: 'येथे कोणीही एकटा नाही.' रंग जरा उडालाय, पण वाचता येते.

तर अशा संस्थेत दोन्या निबियाच्या घरचं डाउनलोड अडलं.

दोन्या निबिया (दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब) आणि तिचा नवरा एल्बिओ हे आमचे संस्थापक सभासद. एल्बिओ तरुणपणी 'लोस तार्दिओस', म्हणजे उशिरा येणारे, या ताफ्यात गायचा. कार्निव्हलमध्ये तोंडं रंगवून, सरकारपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांची टर उडवत गल्लीगल्लीतल्या मंचांवर गाणारे ते लोक. प्रयोगाच्या शेवटी निरोपाचं गाणं, आणि त्या गाण्याच्या शेवटी एल्बिओचं एकट्याचं कडवं. बायका डोळे पुसायच्या असं म्हणतात. (निबियाचं म्हणणं, बायका जरा जास्तच पुसायच्या.) आता एल्बिओला ऐंशी पूर्ण होणार होती आणि त्याला फारसं काही आठवत नव्हतं. रोज दुपारी माते नावाच्या आमच्याकडच्या कडू चहाचा भोपळा हातात घेऊन तो विचारायचा, "निबिया, माझं कडवं कुठलं होतं गं?"

"येईल हो आठवण, म्हाताऱ्या. आधी ते कडू पाणी ओढ आणि भोपळा इकडे दे. हातात धरून बसू नकोस," असं ती म्हणायची. पण तिलाही ते कडवं आठवत नव्हतं, आणि याचा तिला मनस्वी त्रास व्हायचा. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाचं ते एकच कडवं, आणि तेही आपल्याला धरून ठेवता आलं नाही, असं ती मिल्काला म्हणाली होती. मिल्का तिची लगतची शेजारीण, केस कापण्याचं दुकान चालवते. म्हणजे ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या संस्थेला कळली होती.

मग शोध लागला की आमच्याच आळीतून स्वीडनला, माल्मो गावी जाऊन राहिलेल्या एका गृहस्थाकडे त्या प्रयोगाची जुनी कॅसेट आहे आणि त्याने ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवली आहे. ही फाइल एका ठिकाणाहून अखंड येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येते. ज्याच्याकडे जो तुकडा आला, त्याने तो घेता घेताच पुढच्याला द्यायचा, अशी पद्धत. निबियाच्या सालतो गावच्या भाचीने तिच्या संगणकावर हे सगळं जोडून दिलं आणि "मावशी, कशाला हात लावू नकोस" असं बजावून ती गेली. निबियाने कशाला हात लावला नाही. तुकडे मुंगीच्या पावलांनी येऊ लागले.

रविवारी वाढदिवस होता. निबिया वेगाची तक्रार घेऊन सभेत आली आणि सभेने, आमच्या थोर परंपरेप्रमाणे, एक समिती नेमली.

वेग समितीचे अध्यक्ष सेन्योर दार्विन इसागिरे. हे बंदरातल्या वजनकाट्यावर तीस वर्षं होते, त्यामुळे मोजता येत नाही ती गोष्ट अस्तित्वात नसते असं त्यांचं ठाम मत आहे. बगलेत थर्मास आणि हातात पेन्सिल असा हा माणूस संस्थेला लाभला हे आमचं भाग्यच. मिल्का सदस्य. प्रस्तुत लेखक सचिव.

समितीने प्रथम बाह्य कारणांचा निकाल लावला. राउटर जमिनीवरून कपाटावर गेला, कपाटावरून फ्रिजवर, फ्रिज गुणगुणतो म्हणून खिडकीत, आणि खिडकीत कबूतर येतं म्हणून परत जमिनीवर. मायक्रोवेव्ह, बिनतारी फोन आणि दार्विन यांचा कॅनरी पक्षी, यांना एकेक दिवस बंद ठेवण्यात आलं. (पक्ष्यावर कापड टाकलं.) त्यानंतर अध्यक्षांनी नकाशा उघडून दाखवलं की माल्मो ईशान्येला येतं. तेव्हा राउटरचं तोंड ईशान्येकडे करण्यात आलं. राउटरला तोंड कोणत्या बाजूला असतं यावर सदस्यांत दुमत होतं, म्हणून तो दोन्ही बाजूंनी ठेवून पाहिला.

कंपनीला फोन केला. तिकडच्या बाईंनी विचारलं, "बंद करून चालू केलंत का?"

"केलं," दार्विन म्हणाले.

"मग चालू करून बंद करा."

हेही केलं. फरक पडला नाही, पण फोनवर एवढ्या अदबीने कोणी बोललं नव्हतं, असं मिल्काने नमूद करायला लावलं.

आता अंतर्गत कारणं. तुलनेशिवाय वेग कळणार कसा? म्हणून अध्यक्षांनी शास्त्रशुद्ध चाचणी जाहीर केली: विसाच्या वीस घरांनी तीच फाइल, एकाच वेळी उतरवायची. सभासदांनी उत्साहाने भाग घेतला. ज्यांना कार्निव्हलची ॲलर्जी आहे अशांनीही घेतला. आणि या चाचणीतूनच तो शोध लागला, ज्यामुळे दार्विन इसागिरे यांचं नाव आमच्या संस्थेत दीर्घकाळ घेतलं जाईल.

शोध असा. संगणक नुसता घेत नव्हता, तो देतही होता. आपल्या परवानगीशिवाय! आपण शांतपणे भाजलेलं मांस खात बसलोय आणि आपल्या घरातून तुकडे बाहेर चाललेत, कोणाकडे, तर ज्याची आपली ओळख नाही त्याच्याकडे. आणि देण्याची वाट अरुंद असल्यामुळे ती भरली की घेण्याच्या वाटेवरही खोळंबा होतो. हे खरं आहे, मी स्वतः पाहिलं.

"म्हणजे दिल्यामुळे घेणं कमी होतं," अध्यक्ष म्हणाले. मोठी सत्यं अशीच साधी असतात.

"पण दार्विन," मिल्का म्हणाली, "सगळ्यांनीच देणं बंद केलं तर घ्यायचं कोणाकडून?"

"बाकीच्यांकडून."

"बाकीचे कोण?"

"मिल्का, तू केस कापतेस. मी तुला कात्री कशी धरायची ते सांगतो का?"

ठराव एकमताने झाला. त्या संध्याकाळी घराघरांत अपलोडचा आकडा शून्यावर आणण्यात आला आणि वेग खरोखर वाढला. समितीच्या पाहणीनुसार समाधानी घरांचं प्रमाण शंभर टक्के. (एक घर आकडेवारीत धरलेलं नाही.)

ते एक घर दोन्या निबियाचं. तिथे भाचीने हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं आणि निबिया दिलेला शब्द मोडणाऱ्यांतली नव्हे. दार्विन स्वतः गेले, तिला समजावलं. ती म्हणाली, "देतोय तर देऊ दे की. माझं काय कमी होतंय त्यात?"

"दोन्या निबिया, वेग कमी होतोय!"

"तो आधीच कमी आहे. म्हणून तर तुमच्याकडे आले होते."

अशा सभासदाला मदत करणं किती अवघड असतं, ते अनुभवी कार्यकर्त्यालाच कळेल. परिणाम असा झाला की एकोणीस घरं घेत होती आणि जवळपास देणारं एकच घर होतं. आम्ही तिच्याकडून भराभर तुकडे उचलले. तिच्याकडे नव्हते ते माल्मोहून उचलले. आमच्या ओझ्याखाली तिची वाट इतकी तुंबली की तिचा स्वतःचा आकडा चौऱ्याण्णव टक्क्यांवर येऊन बसला. शुक्रवारी माल्मोच्या गृहस्थाने संगणक बंद केला. (त्याचं घर हलवायचं होतं. त्याला समितीने पाठवलेलं निषेधाचं पत्र पोचलं की नाही, माहीत नाही.)

उरलेले सहा टक्के म्हणजे गाण्याचा शेवट.

शनिवारी निबिया माझ्याकडे आली. रडली नाही, पण थर्मासचं झाकण उगाच लावत-काढत होती. "नुसता तो तुकडा राहिलाय रे," ती म्हणाली. "बाकी सगळे गातात. ढोल वाजतो, झांजा वाजतात. आणि याची पाळी आली की बंद. उद्या सगळ्यांसमोर लावणार होते मी."

मी तिला धीर दिला. समिती वेगाबाबत अत्यंत गंभीर आहे असं सांगितलं आणि दार्विन यांच्याशी बोलून तिच्या तक्रारीला तातडीचा दर्जा मिळवून दिला.

रविवारी सामायिक सभागृहात वाढदिवस झाला. निखाऱ्यांवर बरगड्या चढल्या, तळलेल्या पुऱ्यांचं ताट फिरलं, मातेचा भोपळा हातोहात फिरला. एका नळीने सगळ्यांनी ओढलं, कोणी पुसली नाही, आमच्यात पुसत नाहीत. एल्बिओला इस्त्रीचा शर्ट घालून मधल्या खुर्चीत बसवलं होतं. निबियाने होतं तेवढं लावलं.

आवाज खरखरीत होता, पण काय सांगू, अंगावर काटा आला. एल्बिओ मान हलवत होता. बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. निरोपाचं गाणं सुरू झालं, चढत गेलं, सगळा ताफा एकदम थांबला, आता एकटा एल्बिओ गाणार, आणि रेकॉर्डिंग तुटलं.

एल्बिओ थांबला. ताटात काहीतरी हरवल्यासारखा खाली बघू लागला. "इथे माझं होतं," तो म्हणाला. "इथेच होतं ना, निबिया?"

मग मिल्काच्या तोंडून आपोआप निघालं. तिच्यामागून दार्विन. मग मागच्या बाकावरचे. मग सगळेच, अगदी ॲलर्जीवालेसुद्धा, एका सुरात, एकही शब्द न चुकता:

*खुर्च्या आवरा, दिवे मालवा,*
*गल्लीमधला कुत्रा बोलवा,*
*जातो आम्ही, येतो म्हणतो,*
*जागा तेवढी धरून ठेवा.*

एल्बिओने मान वर केली. डोळे लख्ख झाले होते. हात उंच करून तो ओरडला, "हळू! गाढवांनो, हळू! एवढी कसली घाई झालीय तुम्हाला?"

आणि त्याने स्वतः म्हणून दाखवलं. पहिल्या ओळीपासून, संथ, प्रत्येक शब्द जिभेवर ठेवून. आवाज फाटला होता, पण चाल पक्की होती. निबिया दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. इतर बायका डोळे पुसत होत्या, आणि या वेळी तिची हरकत नव्हती.

टाळ्या ओसरल्यावर ती आमच्याकडे वळली.

"हे कडवं माझ्याकडे आलंच नाही," ती म्हणाली. "तुम्हाला कसं पाठ?"

कोणीतरी बरगड्या उलटायला निघून गेलं.

"चाचणीसाठी उतरवलं होतं, दोन्या निबिया," दार्विन म्हणाले. "ऐकता ऐकता पाठ झालं."

"सगळ्यांना?"

"चाचणी सगळ्यांचीच होती."

"पूर्ण? शंभर टक्के?"

"एकोणीस घरांत शंभर टक्के," दार्विन म्हणाले, आणि आवाजात थोडा अभिमान आलाच.

"मग मला का नाही रे दिलंत?"

आता अध्यक्षांची खरी कसोटी होती, आणि ते तिला उतरले. "दोन्या निबिया," ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही गाणं मागितलंच नाहीत. तुम्ही वेग मागितलात."

निबियाने त्यांच्याकडे पाहिलं. मग एकाएकी हसत सुटली. चांगली वाकून, कडेच्या टेबलाला धरून हसली. मिल्का म्हणाली, "अगं, मी आत्ता पेन ड्राइव्हवर घालून आणते, दोन मिनिटांत!" निबियाने डोळे पुसले आणि मान हलवली.

"नको. ते राहू दे तुमच्याकडेच. संस्था बांधताना आठवड्याचे तास द्यायचो, आठवतं? तसे द्या. रोज दुपारी एका घराने माझ्याकडे यायचं आणि याच्याबरोबर हे कडवं म्हणायचं. माते मी देईन. आणि तो सांगेल तेवढं हळू."

परस्पर साहाय्याचे तास कोणी नाकारू शकत नाही, घटनेतच आहे. तेव्हापासून रोज एक घर जातं. एल्बिओ रोज नव्याने शिकवतो, रोज नव्याने रागावतो. दार्विन यांची पाळी आली की ते घड्याळ काढून ठेवतात, कारण पहिल्या खेपेला एल्बिओने ते मागून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. समितीचं काम अर्थात चालूच आहे. देण्याचा आकडा शून्यावरून वर न्यावा, असा ठराव एकमताने मंजूर झाला आहे. सुरुवात कोणत्या घराने करायची, एवढाच मुद्दा बाकी आहे. दरम्यान कॉर्दोबाहून की कुठून कोणीतरी तेच गाणं शोधत आलं आणि निबियाच्या संगणकाने आपल्याजवळचं होतं नव्हतं ते चौऱ्याण्णव टक्के त्याला देऊन टाकलं.

वाचकहो, तुम्ही आमच्यावर हसला असाल, तर आमची हरकत नाही. फक्त आता हे पुस्तक मिटून पहिलं पान उघडा आणि तिथे शाईने कोणाचं नाव लिहिलंय ते बघा. तुमचं असेल तर अभिनंदन. नसेल, तर त्या माणसाने मागच्या खेपेला भीतभीत पुस्तक परत मागितलं होतं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "अजून वाचून व्हायचंय." तर आता झालं.