अंगठेबहाद्दर

हिलाल नानांनी सकाळी चहाच्या आधीच ग्रुपमधून अठरावा माणूस काढला. ‘सोनगीर गोधन’चे ते ॲडमिन. काढलेला माणूस पुना. गेल्या आठवड्यात लम्पी रोगाने त्याची गाय मेली, आणि त्याने एवढंच लिहिलं होतं, ‘लस टोची ल्या रे भो. मनी गाय गई.’

“चारा खाईसन मरनी व्हई! लसवाल्यासना दलाल शे तो!” नाना मोबाईलवर खेकसले.

“चंद्रीना इचार करा,” बायको ताईबाई म्हणाली. “घर तिना दूधवर चालस.”

“बठ्ठं गाव मना संगे शे!” नानांनी तिला मोबाईलवरचे अंगठे दाखवले. नाना लसीविरुद्ध लिहायचे, खाली अंगठे उमटायचे. जो अंगठा द्यायचा नाही, तो ग्रुपबाहेर. उरलेल्या चाळीस जणांचं एकमत होणार नाही तर काय होईल! पण नानांना तो गावाचा कौल वाटायचा.

आज शाळेमागे लसीकरण होतं. नानांनी बहिष्कार पुकारला, अंगठे मोजले आणि ओस पडलेल्या मैदानाचा फोटो काढायला निघाले.

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. झाडून सारा ग्रुप रांगेत उभा होता, एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात मोबाईल.

“प्रेमराज! आतेच अंगठा दिधा ना तू?”

“दिधा ना, नाना. नही दिधा ते तुम्ही काढी टाकतस. मंग बैल इकाना फोटो कोठे टाकू?”

नानांच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात दुसऱ्याची गाय धरून उभा असलेला पुना पुढे आला.

“गाय मरनी तव बठ्ठं गाव मना घर उनं. तुम्ही माले काढी टाकं. काय चुकनं मनं?”

नानांचा राग आणखीच चढला. तिथेच उभं राहून त्यांनी एकेकाला काढायला सुरुवात केली. शेवटी एकच नाव उरलं. त्या नावाला हात लावायची हिंमत त्यांना तीस वर्षांच्या संसारात झाली नव्हती.

‘लसीवर बहिष्कार!’ नानांनी दात-ओठ खात लिहिलं. लगेच अंगठा आला.

त्यांनी मान वर केली. डॉक्टरांच्या जीपमागून ताईबाई मोबाईल कमरेला खोचत येत होती. मागे लस टोचून झालेली चंद्री, कानात नवा पिवळा बिल्ला.

“व्हयनं ना एकमत?” दोर नानांच्या हातात देत ती म्हणाली. “आते पुनाले परत ल्या. तोपावत घर चहा नही.”