नानांची दिशा

वसईजवळच्या उमेळ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारे नाना भेटले की नमस्कार, कसं काय, असलं काही विचारत नाहीत. थेट विचारतात, "उत्तर की दक्षिण?"

मी इथे फ्लॅट घेऊन आलो त्या आठवड्यात त्यांनी मला जिन्यात अडवून हे विचारलं होतं. मी आपलं घाबरून "दक्षिण" म्हणालो. तर म्हणाले, "बरोबर. पण थंडीत सूर्य तिकडेच असतो, दिवसभर ऊन तोंडावर. त्याचं काय?" मला ऑफिसला उशीर होत होता.

गोष्ट अशी की नानांना किनाऱ्याकिनाऱ्याने लांब चालत जायचं होतं. उत्तरेला डहाणूवरून पुढे, नाहीतर दक्षिणेला देवगडपर्यंत. चार वर्षं हे ठरत होतं. पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तूरडाळ भरून ते गच्चीवर फेऱ्या मारत. रविवारी कळंबच्या किनाऱ्यावर सराव. पेपरसुद्धा उभ्याने वाचत. "पाय तयार आहेत रे, तारीख ठरू दे," हे पालुपद. काकू आतून म्हणायच्या, "तारीख ठरेपर्यंत गिरणीतून दळण आणा. तीही दक्षिणेलाच आहे."

तारखेचं शास्त्र त्यांनी मलाही शिकवलं. तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ निघते. द्वितीयेला भरती दीड वाजता, म्हणजे सकाळी साडेसातला ओहोटी आणि चालायला ओली, घट्ट वाळू. म्हणून निघायचं ते पौर्णिमा-अमावास्येनंतर लगेच. एवढं पक्कं गणित असूनही दर वर्षी मुहूर्त हुकायचा. कधी वारा उलटा, कधी बूट चावतो, कधी खाडीवरची होडी बंद असल्याची बातमी. बिल्डिंगमधले लोक हसायचे. खोटं कशाला बोलू, मीही हसायचो.

यंदा गणपती झाल्यावर ते घरी आले आणि सोफ्याभोवती फिरत म्हणाले, "ठरलं. दक्षिण. दसऱ्याला निघतो."

मी बोटं मोजली. "नाना, दशमी म्हणजे सकाळी साडेसातला पूर्ण भरती! चालणार कुठे, पाण्यात?"

"रस्त्याने जाईन," ते म्हणाले.

वाळूसाठी चार वर्षं पंचांग झिजवलेला माणूस आता डांबरावरून चालायला तयार झाला होता. मी पुन्हा बोटं मोजली, या वेळी पुढची. दसऱ्यापासून बाविसाव्या दिवशी भाऊबीज येत होती.

"देवगडला कोण असतं, नाना?"

नाना पहिल्यांदा थांबले. "आक्का. थोरली बहीण." मग खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत म्हणाले, "इथे आमची वाडी होती. मोगरा, केळी, विहीर. तिला न विचारता बिल्डरला दिली. ती म्हणाली, माझं माहेर विकलंस. त्यानंतर बोलली नाही. दोनदा गाडीने गेलो, दोनदा दार लावून घेतलं तिने."

"मग आता चालत?"

"गाडीने आलेल्या माणसाला परत जा म्हणणं सोपं असतं. बावीस दिवस चालून आलेल्या भावाला बसायला पाट तरी मांडेल ना रे?"

मला आक्कांचा स्वभाव काय ठाऊक? तरी "मांडतील" म्हणालो. आपण इतके दिवस या माणसाला हसलो, याची फार लाज वाटली.

दसऱ्याला वसईच्या जेट्टीवर त्यांना सोडायला काकू आणि मी गेलो. "पोचलात की फोन करा," मी म्हणालो. "भाऊबीजेला संध्याकाळपर्यंत फोन नाही आला तर समज, परत चालायला लागलोय," असं म्हणून ते खाडी ओलांडायला बोटीत चढले. चढण्याआधी काकूंनी त्यांच्या पिशवीचा पट्टा नीट केला.

नंतर ते बावीस दिवस मलाच एका जागी बसवेना. भाऊबीजेला काकूंना आमच्याकडेच जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाली, चहा झाला, दिवेलागणही झाली. काकू खिडकीत उभ्या राहून खाली बघत होत्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर, आवाज म्हाताऱ्या बाईचा.

"वसईहून ना तुम्ही? नंबर त्याच्या वहीत मिळाला. तो झोपलाय. पायाला फोड आलेत, तेल लावलंय. तिकडे गाड्या बंद आहेत का हो? आमचा येडा चालत आलाय..."

मी फोन काकूंच्या हातात दिला.