दामूकाकांच्या ट्रॅक्टरला इंजिन पाहिजे

आगाशीतले आमचे शेजारी दामूकाका भंगारात जाताना इस्त्रीचा पांढरा सदरा घालतात. सख्ख्या पुतण्याच्या साखरपुड्याला बनियनवर आलेला माणूस. पण इंजिन बघायचं म्हटलं की सदरा, केसांना तेल, वर टोपी. मुलगी बघायला निघाल्यासारखे.

झालं काय, त्यांच्या जुन्या लाल ट्रॅक्टरचं इंजिन गेलं. ब्लॉकलाच तडा. नवीन ट्रॅक्टर घ्या म्हटलं तर म्हणाले, "गुडघा गेला म्हंजे मानूस बदलतात काय?" मग दुसरं इंजिन शोधायचं ठरलं. अट एकच. आवाज अगदी जुन्यासारखा पाहिजे.

इथे माझी एंट्री. मी गावात सगळ्यांच्या नकला करतो. सरपंच, कंडक्टर, लग्नातले रुसलेले मामा. आणि शाळेत असल्यापासून काकांचा ट्रॅक्टर: ढुग-ढुग-ढाक, ढुग-ढुग-ढाक. ट्रॅक्टर बंद पडला आणि तो आवाज फक्त माझ्या घशात उरला. तेव्हापासून काका मला नावाने हाक मारत नाहीत. "ए टेप, चल. इंजन बघून येऊ."

नायगावच्या पुढे हायवेला एक भंगारवाला आहे. त्याने इंजिन चालू करून दाखवलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं. मग मला म्हणाले, "टेप, आपला वाजव."

मी वाजवला. खांदे हलवून, गाल फुगवून.

भंगारवाला दोन पावलं मागे सरकला. "चाचा, इस लडके को कुछ हुआ है क्या?"

"वो सॅम्पल है," काका म्हणाले. "तुमारा इंजन अच्छा है, पन सूर नही बैठता."

अशी किती स्थळं नाकारली देव जाणे. शेवटी बोळिंजच्या मेकॅनिकने समजावलं, "काका, तो ढाक म्हणजे आजार होता. एक सिलिंडर नीट चालत नव्हता. चांगल्या इंजिनात ढाक येणारच नाही."

"मग जरा वाईट दाखव."

परत येताना माझं डोकं सटकलं. स्कूटर चालवता चालवता विचारलं, "काका, शेत नांगरायचंय का भजन बसवायचंय?"

तळ्याच्या वळणावर त्यांनी मला थांबायला सांगितलं. बराच वेळ टोपी नीट करत बसले.

"तुझ्या काकीला आता दिसत नाय," म्हणाले. "तांब्या पन मीच हातात देतो. एकच काम ती आपनहून करते. या वळनावर ट्रॅक्टर वाजला की भिंतीला धरून येते नि फाटक उघडते. आता मी चालत येतो. हाक मारली तरी दचकते."

मी स्कूटर चालू केली.

पेरणी जवळ आली, तेव्हा काकांनी मिळालं ते इंजिन बसवून घेतलं. आवाज एकदम सरळ. ढग-ढग-ढग. कसला ढाक नि कसलं काय. घरी आणताना मी मडगार्डवर बसलो होतो. वळण आलं तसे काका कुजबुजले, "टेप, तू वाजव. मोठ्याने."

इंजिनाच्या वरताण मी बोंबललो. ढुग-ढुग-ढाक. बाजूने जाणाऱ्या रिक्षातल्या बाईने पोराला जवळ ओढलं. काकांनी गियर टाकला, कर्रर्र, आणि आम्ही वळलो.

काकी फाटक उघडून उभी होती.

"आवाज वलखलास?" काकांनी विचारलं.

"इंजन तर दुसराच हाय. आनि त्या पोराला सांगा, घसा बसेल त्याचा."

"मग कसा कलला तुला?"

"वलनावर गेर असा चावत आननारा गावात दुसरा कोन हाय?"

काकांनी ट्रॅक्टर आत घेतलाच नाही. मागे नेला, पार वळणापर्यंत, आणि कर्रर्र करून पुन्हा आणला.

तोवर काकीने फाटक परत लावून घेतलं होतं. कडीवर हात ठेवून उभी होती.