फलाट एक, फलाट दोन आणि गाडीचा अंतरपाट

श्रीसिग्नलदेवता सुप्रसन्न असो, हिरवे निशाण सर्वांस लाभो. शके अठराशे ब्याण्णव, साधारण नाम संवत्सरे, वैशाख शुद्ध पक्षी, राजधानीच्या उत्तरेस लोकलगाडीचे जे लहानसे स्टेशन, त्या राज्यात लग्नाचा अपूर्व प्रसंग जाहला, त्याचे हे वर्तमान. डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडी उरली, सबब लिहून ठेविले.

पूर्वी तेथे चिंचा होत्या आणि खाऱ्या पाण्याचे खाजण होते. मग साहेब आला आणि त्याने नकाशावर रेघ ओढिली आणि रेघेवर रूळ टाकिले आणि एका गावाचे दोन प्रांत जाहले, पूर्व आणि पश्चिम. पूर्वेस फलाट एक, तेथून गाडी राजधानीस जावी. पश्चिमेस फलाट दोन, तेथे राजधानीहून येणारी गाडी थांबून पुढे जावी. मग सरकार उदार जाहले आणि तिकिटाची खिडकी पश्चिमेस दिली आणि घड्याळ पूर्वेस दिले. तेणेकरून पश्चिमेस तिकीट मिळे पण वेळ कळत नसे, आणि पूर्वेस वेळ कळे पण तिकीट मिळत नसे. पश्चिमेचे लोक रुळांपलीकडून ओरडत, "अहो, किती वाजले?" पूर्वेचे लोक उत्तर देत, "तुमचे बारा!" ऐसा सलोखा होता.

मग सरकारने लोखंडी पूल बांधिला. उद्घाटनाचे दिवशी पहिली पायरी कोणत्या प्रांताने चढावी यावरून वाद पडला. नारळ दोन्हीकडे फुटले, बँड दोन्हीकडे वाजला, पेढे दोन्हीकडे वाटले, आणि चढले कोणीच नाही. तेव्हा दोन्ही प्रांतांच्या मानकऱ्यांनी शपथ वाहिली की देहात प्राण आहे तोवर हा पूल चढणार नाही. चाकरमाने रोज चढत आणि उतरत, परंतु ते पोटासाठी, मानात धरीत नसत.

पूर्वेचे थोर मानकरी रघुनाथराव राऊत, केळीची आणि पानवेलीची वाडी राखून असत. त्यांची कन्या प्रमिला राजधानीत टेलिफोन खात्यात चाकरीस जाई. पश्चिमेचे जनार्दन चुरी उलट दिशेस रंगाच्या कारखान्यात जात. सकाळी ही फलाट एकवर उभी राही आणि ते फलाट दोनवर, आणि मध्ये रूळ. एकमेकांस पाहावे, मग गाडी येऊन मध्ये उभी राहावी, मग तिच्या खिडक्यांतून आरपार पाहावे, ऐसा क्रम. बोलणे सारे छत्रीचे. छत्री उजव्या हाती म्हणजे क्षेम, डाव्या हाती म्हणजे घरी कोणी पाहावयास येणार. ऐसे करिता एके दिवशी प्रमिलेने छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरिली, आणि जनार्दनराव समजले की आता मागणी घालणे प्राप्त.

मागणी गेली, पत्रिका जुळली, आणि मग गाडे पुलाशी अडले. रघुनाथराव बोलिले, "नवरदेव वधूच्या दारी येतो, ही रीत आहे. या म्हणावं पूल चढून." जनार्दनरावांस आईबाप नव्हते, आत्या भागीरथीबाई कारभार पाहत. त्यांनी उलट निरोप धाडिला, "रीत आम्हांला शिकवू नका. मुलीला घेऊन तुम्हीच या. आमचे गुडघे काय तुमच्या पुलासाठी वाढवलेत?" रघुनाथराव कोपले आणि प्रतिज्ञा केली की मुहूर्तावर चुऱ्यांची माळ न पडल्यास नात्यातले वसंत सावे आहेत, त्यांसच जावई करू. मग वसंतरावांस मुंडावळ्या बांधून राखीव नवरदेव म्हणून तयार ठेविले. ते गरीब स्वभावाचे. संमती विचारिली तेव्हा "जेवण कधी आहे?" इतुकेच बोलिले.

प्रमिला रडत स्टेशनमास्तर यशवंतराव गुप्ते यांचेकडे गेली. "मास्तरकाका, काहीतरी करा हो. वसंत आमच्याच घरी वाढला, अजून मला ताई म्हणतो. त्याला कुठे माळ घालू?" मास्तरांनी टोपी काढून विचार केला आणि टोपी घालून निवाडा दिला: वधूपक्षाने फलाट एकवर राहावे, वरपक्षाने दोनवर, कोणी कोणाकडे जाऊ नये. सकाळची गाडी मध्ये येऊन उभी राहील, तोच अंतरपाट. मंगलाष्टके चालतील तोवर मास्तर लाल निशाण धरतील, मग हिरवे दाखवतील, आणि अंतरपाट आपल्या चाकांनी दूर होईल. हा निवाडा दोन्ही पक्षांस फार पसंत पडला.

लग्नाचे दिवशी दोन्ही फलाटांस आंब्याची तोरणे लागली. मोगरा तेव्हा दारचा असे, त्याचा वास इंजिनापर्यंत गेला. गाडी आली आणि उभी राहिली, आणि पश्चिमेकडून बाळंभटांनी सूर लाविला. भटजींस ताना घेण्याची हौस. तिसऱ्या अष्टकास गाडीतील चाकरमाने दारात आले आणि ओरडू लागले, "अहो भटजी, आवरा! लेटमार्क लागेल!" एक बोलिला, "लग्न त्यांचं आणि पगार आमचा कापायचा!" मग डब्यातील बायकांनी विचार केला की आपण म्हटल्यास लवकर उरकेल, आणि पुढील अष्टके अवघ्या गाडीने म्हटली, आणि अक्षता खिडक्यांतून दोहींकडे उडाल्या. मग शेवटचे "सावधान" जाहले, मास्तरांनी हिरवे निशाण हलविले, आणि शिटी वाजली.

येथे पूर्वप्रांताचा घात जाहला. फलाट एकवर जमलेले वऱ्हाड सारे रोजचे चाकरमाने. त्यांच्या पायांस शिटी ठाऊक, लग्न ठाऊक नाही. शिटी वाजताच मामा चढले, काका चढले, सनईवाले चढले, करवल्या बायकांच्या डब्यात चढल्या. वसंतराव लाडू खात होते, ते गर्दीने उचलून आत नेले. रघुनाथराव "अरे उतरा, आज लग्न आहे!" म्हणत एकेकास खाली ओढावयास दारात चढले, तो गाडी हलली. प्रमिलेची नजर खिडक्यांतून पलीकडे लागली होती, म्हणून तीच एक खाली राहिली.

अंतरपाट दूर जाहला. वधूने वरास पाहिले, वराने वधूस पाहिले, दोघांनी माळा उचलिल्या, आणि तेव्हा सकळांच्या ध्यानी आले की मध्ये रूळ आहेत आणि माळ इतकी लांब जात नाही. मास्तरांनी पुन्हा टोपी काढिली. आत्याबाई बोलिल्या, "आता काय फेकून मारायची?"

प्रमिलेने मागे पाहिले. बाप नाही, मामा नाही, आडवे येणारे कोणी नाही, आणि बाप परतला म्हणजे वसंतही परतणार. मग तिने शालू वर खोचला आणि पूल चढू लागली. ते पाहून जनार्दनराव पश्चिमेकडून निघाले. आत्याबाई गर्जल्या, "जनू, पायरीवर पाय ठेवशील तर बघ!" जनार्दनराव बोलिले, "आत्या, मी रोजच ठेवतो," आणि चढले. पुलाच्या मध्यावर माळा पडल्या. खाली मास्तरांनी दोन्ही निशाणे एकदम उंच केली, ऐसा संकेत रेल्वेच्या कोणत्याही नियमात नाही.

मग पूर्वेचे वऱ्हाड पुढच्या स्टेशनावर उतरून परतीच्या गाडीने आले, आणि परतीची गाडी थांबते फलाट दोनवर. दार उघडले तो समोर पश्चिम आणि आत्याबाई. रघुनाथरावांस कळले की आपण वधूपक्ष घेऊन वराच्या दारी आलो, तेही पूल न चढता. आत्याबाईंनी पायांवर पाणी घातले आणि हळूच बोलिल्या, "मान राहिला हो व्याही, दोघांचाही. आता चला, भात निवतोय."

पुढे गुप्ते मास्तरांकडे गाडी अडविल्याचे कारण मागितले. त्यांनी "मंगल कार्य" असे लिहिले, तेव्हा त्यांची बदली जेथे एकही गाडी थांबत नाही ऐशा स्टेशनावर जाहली. तेथे त्यांनी उत्तम गुलाब लाविले. वसंतराव झोप लागून राजधानीपर्यंत गेले आणि विनातिकीट सापडले. तपासनिसाने मुंडावळ्या पाहून घरी नेले आणि आपली कन्या दिली. संसार चांगला जाहला. बाळंभटांनी पुढे ताना सोडिल्या. प्रमिला आणि जनार्दनराव पश्चिमेस सुखाने नांदली, दोन लेकरे जाहली.

रघुनाथरावांनी शपथ मोडिली नाही. लेकीकडे जाणे जाहल्यास फलाट एकवरून गाडीने पुढच्या स्टेशनास जावे, तेथील पूल चढावा, कारण परक्या राज्याचा पूल शपथेत नव्हता, आणि उलट गाडीने फलाट दोनवर उतरावे. घरी परतण्यास दुसऱ्या बाजूच्या स्टेशनास वळसा घालावा. समोर दिसणाऱ्या घरी पोहोचण्यास अर्धी सकाळ जाई. हाती केळ्यांचा घड असे. आत्याबाई दारात उभ्या राहून म्हणत, "या व्याही. फार लांबून आलात." ते म्हणत, "लेक लांब दिली आहे, काय करणार!"

येणेप्रमाणे स्टेशनराज्याचे एक लग्न आणि एक शपथ, दोन्ही शेवटास गेली. वाचणारांनी आपापल्या फलाटावर सुखी असावे.