मंडळाच्या फोनचा पहारा

मनुष्यदेह एकदाच मिळतो आणि त्याची सुधारित आवृत्ती निघत नाही. फोनची मात्र दरवर्षी निघते. तेव्हा विचार कोणत्या बाबतीत करायला हवा, हे उघड आहे.

गोंडपिपरीकडच्या एका गावात हा विचार करण्याची जबाबदारी भजन मंडळावर आली. मंडळाकडे दोन वर्षांपूर्वीचा, त्या काळी सर्वांत भारी असलेला फोन होता. त्याचं काम एकच, कीर्तनाचं चित्रण करून ते धरून ठेवणं. आता नामसप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकवत नाहीत. एक पहारेकरी ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, पाया पडतो, मगच झोपायला जातो. फोन वीणेपेक्षा महाग असल्याने (ठराव क्र. ४) तोही कीर्तन चालू असताना खाली ठेवायचा नाही, असं ठरलं. हातातून हातात देताना त्याच्या पाया पडायचं, हे कोणी ठरवलं नाही. ते आपोआप सुरू झालं.

पण हात बदलले की चित्र हलायचं. लहानूभाऊंच्या पहाऱ्यात तर बुवा तलावातल्या डुलत्या डोंग्यात उभे राहून कीर्तन करताहेत असं दिसे. शेवटी फोन कायमचा मुखरूकडे आला. मुखरू तलावावर गळ टाकून बसणारा माणूस. मनगटावर पाखरू बसलं तरी त्याचा हात हलत नाही. हा गुण त्याला भोवला.

कारण मुखरूला कीर्तनाचं वेड. मृदंगावर थाप पडली की त्याचे तळहात आपसूक एकमेकांकडे निघत. ते बंद झालं. टाळी नाही, भरून आलं तर डोळे पुसणं नाही. एकदा बुवांनी आळशी जावयाचा दृष्टान्त सांगितला, मंडप हसला, मुखरूही हसला आणि चित्र हललं. दुसऱ्याच दिवशी ठराव क्र. ९ झाला: फोनधारकाने हसू नये, अनावर झाल्यास फोन दुसऱ्याकडे सोपवून, पाया पडून, मग हसावे. (एवढं होईपर्यंत बुवा पुढच्या अभंगावर गेलेले असतात.)

दोन वर्षं मुखरूने बुवांना तळहाताएवढंच पाहिलं.

अशात नवी आवृत्ती निघाली. ऊर्जानगरला नोकरीला असलेल्या अजयने बातमी आणली, की हात कितीही हलो, चित्र हलत नाही. मुखरूचा जीव सुपाएवढा झाला. म्हणजे फोन कोणीही धरेल! म्हणजे आपण समोर सतरंजीवर, रिकाम्या हातांनी!

देवळात सभा भरली. अध्यक्ष लच्छूभाऊंनी तुलना वाचून दाखवली. जुन्याला कॅमेरे तीन. नव्यालाही तीन, पण मोठे. जुना काळा, नवा वेगळा काळा. जुन्यात चंद्र दिसतो, नव्यात चंद्रावरचे खड्डे. (गावच्या रस्त्यावरचे दोन्हींत दिसतात.)

बायकांच्या बाजूने मुखरूची बायको सुगंधाबाई उठली. "लच्छूभाऊ, एवढे कीर्तनं धरून ठेवले, पाह्यले कोनं?"

तिथल्या तिथे मोजणी झाली. धरलेली कीर्तनं एक्केचाळीस. पूर्ण पाहिलेली शून्य. अर्धी पाहिलेली शून्य. चुकून उघडलेली तीन (त्यांपैकी दोन खिशात).

"हलत असंन, म्हनून नाई पाह्यले," लच्छूभाऊ म्हणाले.

"यायच्या हातानं कुठी हलते जी?" सुगंधाबाईने मुखरूकडे बोट दाखवलं.

"मंग धुरकट असंन. साफ दिसलं का लोक पाह्यतीन."

जुन्यावरचं कोणी पाहिलं नाही, त्या अर्थी नवा अत्यावश्यक आहे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. मुखरूने दोन्ही हात वर केले. दोन्ही मोजले गेले.

फोन आला. चाचणीत लहानूभाऊ तो धरून जागच्या जागी उड्या मारत होते आणि पडद्यावर हनुमंत स्थिर होते. मंडळाने गावभर कळवलं: यंदाचे कीर्तन मंडळाच्या गटावर, घरबसल्या फोनवर इतके स्पष्ट दिसेल, की प्रत्यक्ष आल्यास तेवढे दिसणार नाही.

गावाने मंडळावर विश्वास ठेवला.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी मंडपात चौघं होती: बुवा, मृदंगावर डोमाजी, गळ्यात वीणा घेतलेली सुगंधाबाई (पहारेकरी आलाच नव्हता) आणि, धरायला दुसरं कोणी नसल्याने, पुन्हा फोन धरून मुखरू. लहानूभाऊंचा निरोप आला होता, "घरूनच पाह्यतो. साफ दिसते म्हनते."

बुवांनी अभंग उचलला. मागे धरायला कोणी नाही. त्यांनी पुन्हा उचलला. एकटा आवाज मंडपभर फिरून परत आला.

"काऊन धरून राह्यले जी?" सुगंधाबाई कुजबुजली. "ठेवा ना तो डबडा खाली. बुवाले साथ द्याले कोनी नाई."

मुखरू फोनच्या पाया पडला आणि त्याने तो सतरंजीवर उताणा ठेवला. मग दोन वर्षांच्या टाळ्या त्याच्या हातातून सुटल्या. बुवांना साथ मिळाली तसे तेही खुलले. त्यांनी जावयाचा दृष्टान्त मुद्दाम पुन्हा सांगितला. मुखरू लोळून हसला आणि शेवटी दुपट्ट्याने डोळे पुसत बसला.

फोननेही आपलं काम चोख केलं. मंडपाचं लाल-पिवळं कापड आणि त्याची एक उसवलेली शिवण, पूर्ण दोन तास, तसूभर न हलता.

सकाळी मुखरू चोरासारखा लच्छूभाऊंच्या दारात उभा राहिला. "भाऊ, मी काल फोन खाली ठेवला."

"असा कसा ठेवला बे? काय सुंदर आलं! एकशे सदुसष्ट जनानं गटावर हात जोडले!"

हे खरं होतं. दोन तासांच्या कीर्तनाला पहिले जोडलेले हात अकराव्या सेकंदाला पोहोचले होते. आलापल्लीहून एका भाविकाने लिहिलं होतं, 'बुवांच्या चेहऱ्यावरचं तेज इतकं साफ आजवर दिसलं नव्हतं.'

मंडळाने मुखरूची नेमणूक कायम केली. उरलेले सहाही दिवस तो रोज वेळेवर गेला, फोनच्या पाया पडला, त्याला उताणा झोपवला आणि पोटभर कीर्तन ऐकलं. तक्रार एकही नाही.

आपण ही कथा पहिल्या ओळीपासून वाचत आलात की थेट इथे उतरलात, हे विचारण्याचा मंडळाला अधिकार नाही. नुसते हात जोडलेत तरी पोहोचतील.